किळस आणि भीती : एक दुर्लक्षित नाते

घराच्या भिंतीवर वावरणारी पाल विषारी नसते. ती माणसाच्या अंगावर धावून येत नाही. उलट माणसाची चाहूल लागताच ट्यूबलाइटच्या मागे दडते. तरीही पाल दिसलेल्या खोलीत त्या रात्री झोपायला नकार देणारी किंवा ओट्यावर झुरळ दिसताच किंचाळत बाहेर धावणारी, एरवी चांगली धीट असलेली माणसे घरोघरी आढळतात. त्यांना 'कशाची भीती वाटते?' असे विचारले, तर 'चावेल' असे उत्तर क्वचितच मिळते. 'अंगावर पडेल', 'तो गिळगिळीत स्पर्श', किंवा नुसतेच 'शी!' असे उत्तर मिळते. ही उत्तरे भीतीच्या भाषेतली नाहीत. ती किळसेच्या भाषेतली आहेत.

मानसशास्त्राने मात्र विसाव्या शतकाचा बहुतेक काळ या फरकाकडे लक्ष दिले नाही. भयगंड म्हणजे भीतीचा अतिरेक आणि चिंताविकार म्हणजे धोक्याची अवास्तव कल्पना, अशी सरळ मांडणी होती. त्यामुळे संशोधन भीतीवर झाले, उपचारही भीतीवर बेतले गेले आणि किळस ही जेवणाच्या ताटापुरती, फारसे महत्त्व नसलेली भावना ठरली. १९९० नंतर हे चित्र पालटू लागले. काही प्राण्यांचे भयगंड, रक्त व इंजेक्शनची भीती आणि स्वच्छतेच्या अतिरेकाच्या रूपाने दिसणारा मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी, या तिन्हींमध्ये किळसेचा वाटा मोठा असल्याचे पुरावे तेव्हापासून पुढे येत गेले.

भरताने सांगितलेला संबंध

या दोन भावनांचे नाते भारतीय परंपरेला अपरिचित नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे चार मूळ रस मानले असून उरलेले चार त्यांच्यापासून उत्पन्न होतात, असे म्हटले आहे. त्यात भयानक रसाची उत्पत्ती बीभत्सापासून सांगितली आहे. बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. भयानकाचा स्थायीभाव भय. जुगुप्सेतून भय उपजते, ही मांडणी अर्थातच रंगभूमीसाठी होती, रुग्णालयासाठी नव्हे. तिला आधुनिक संशोधनाची पूर्वसूचना म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्याच अध्यायातील आणखी एक भेद लक्ष वेधून घेतो. रक्तादींच्या दर्शनाने होणारा बीभत्स 'क्षोभज' आणि विष्ठा, कृमी यांमुळे होणारा 'उद्वेगी' असे त्याचे प्रकार तिथे सांगितले आहेत. रक्त-जखमांची किळस आणि घाण-किड्यांची किळस या वेगळ्या आहेत आणि त्यांच्यापासून उद्भवणारे विकारही वेगळे आहेत, हे आजच्या चिकित्सकांनाही मान्य करावे लागले आहे.

अहल्या हेजमाडी, रिचर्ड डेव्हिडसन आणि पॉल रोझिन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नाट्यशास्त्राच्या परंपरेतील भावाभिनय भारतीय व अमेरिकी प्रेक्षकांना दाखविण्यात आले. भरतमुनींचे नावही न ऐकलेल्या अमेरिकी प्रेक्षकांना त्यांतील भाव बऱ्याच अंशी ओळखता आले, जुगुप्साही त्यांत होती.

दोन भावना, शरीराच्या दोन तऱ्हा

भीती शरीराला पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी सज्ज करते. अनुकंपी चेतासंस्था जागी होते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त स्नायूंकडे वळते, डोळे विस्फारतात. किळसेचे काम वेगळे असते. तिला पळायचे नसते. जे आत जाऊ पाहते, ते बाहेर ठेवायचे असते. म्हणून नाक आक्रसते, वरचा ओठ उचलला जातो, तोंडात लाळ सुटते, पोटात ढवळते. यात परानुकंपी चेतासंस्थेचा सहभाग असतो व हृदयाची गती अनेकदा मंदावते. चार्ल्स डार्विनने १८७२ साली मानव व प्राणी यांच्या भावाविष्कारांवर लिहिलेल्या ग्रंथात किळसेचा संबंध मुख्यतः चवीशी जोडला. तिएरा देल फुएगो बेटांवरचा एक प्रसंग त्याने तिथे नोंदविला आहे. डार्विन डब्यातले थंड मांस खात असता एका स्थानिक माणसाने त्याला बोट लावून पाहिले आणि त्या मऊ स्पर्शाने त्याला विलक्षण किळस आली. इकडे डार्विनला मात्र एका उघड्या 'रानटी' माणसाने अन्नाला हात लावल्याची किळस आली, त्याचे हात घाणेरडे दिसत नसतानाही! किळसेचा अभ्यास करणारे जवळजवळ सगळे लेखक हा प्रसंग सांगतात, आणि ते योग्यच आहे. एकाच मांसाच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या दोन माणसांच्या दोन किळसा त्यात आहेत, आणि दोन्हींत रोगाचा खरा धोका कुठेच नाही.

मेंदूच्या पातळीवरही फरक दिसतो. भीतीच्या संदर्भात बदामाच्या आकाराच्या अमिग्डाला या भागाचा उल्लेख नेहमी होतो. किळसेच्या बाबतीत इन्सुला हा, मेंदूच्या घडीत दडलेला आणि चव व पोटातील संवेदना यांच्याशी संबंधित असलेला, भाग महत्त्वाचा ठरला. किळस व्यक्त करणारे चेहरे पाहताना इन्सुलाचा पुढचा भाग उद्दीपित होतो, असे मेरी फिलिप्स व सहकाऱ्यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये दाखविले. हंटिंग्टन या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना इतर भावनांच्या तुलनेत चेहऱ्यावरची किळस ओळखणे अधिक अवघड जाते, असे त्याआधी एक वर्ष आढळले होते. पुढच्या अभ्यासांनी हे चित्र गुंतागुंतीचे केले. इन्सुला वेदनेत, भुकेत, धाकधुकीतही सक्रिय असते. तेव्हा 'किळसेचे केंद्र' असे तिचे बारसे करण्याची घाई आता कोणी करीत नाही.

किळस आली कुठून, याचे सर्वात मान्य उत्तर रोगप्रतिबंधाचे आहे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पण जंतू जिथे असण्याचा संभव असतो त्या गोष्टी, म्हणजे विष्ठा, पू, कुजलेले मांस, अळ्या, दुसऱ्याची थुंकी या दिसतात. त्यांच्यापासून दूर राहणारे पूर्वज अधिक जगले, असा हा तर्क. लंडन स्कूल ऑफ हायजीनमधील व्हॅलेरी कर्टिस यांनी बीबीसीच्या संकेतस्थळावर छायाचित्रांच्या जोड्या दाखवून सुमारे ४० हजार लोकांची मते गोळा केली. निळ्या द्रवाने भरलेली बशी आणि त्याच बशीत शरीरातील स्रावासारखा दिसणारा पिवळट-लाल द्रव, अशा त्या जोड्या होत्या. रोगाची सूचना देणारे चित्र जगभर अधिक किळसवाणे ठरले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत स्त्रियांना पुरुषांहून अधिक किळस येते आणि वयाबरोबर ती कमी होत जाते, असेही दिसले.

मात्र ती जन्मजात, तयार स्वरूपात येत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांपुढे विष्ठेची हुबेहूब नक्कल करणारा खाद्यपदार्थ ठेवला, तर बरीच मुले तो खुशाल तोंडात घालतात, हे रोझिन यांनी १९८६ साली दाखविले. रांगणारे मूल जमिनीवरचे काहीही तोंडात कोंबते, हे कोणत्याही आईला प्रयोगाविना ठाऊक असते. कशाची 'छी' करायची, हे ते घरातल्या मोठ्यांच्या चेहऱ्यावरून शिकते.

कोळी आणि बिस्किट

भयगंडांच्या संदर्भात किळसेचा प्रश्न प्रथम नेमकेपणाने विचारला तो ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्रॅहॅम डेव्ही यांनी. मार्टिन सेलिगमन यांनी १९७१ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार मानवाला आपल्या पूर्वजांना घातक असलेल्या गोष्टींची भीती चटकन शिकण्याची उपजत तयारी असते. सापाच्या बाबतीत हे पटते. पण कोळ्याचे काय? कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक ज्ञात जातींपैकी माणसाला खरोखर घातक अशा अगदी मोजक्या आहेत. गोगलगाय, अळी, झुरळ यांच्या बाबतीत तर हल्ल्याचा प्रश्नच येत नाही. मॅचेट आणि डेव्ही यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्यांना अन्नाच्या दूषिततेची किळस अधिक वाटते, त्यांना कोळी, उंदीर, झुरळ, गोगलगाय यांची भीतीही अधिक वाटते. पण वाघ, सिंह, शार्क यांच्या भीतीशी या किळसेचा संबंध नाही. पुढच्याच वर्षी वेब आणि डेव्ही यांनी काही जणांना हिंसक, काहींना किळसवाणी, तर काहींना साधी चित्रफीत दाखविली. हिंसक दृश्ये पाहिलेल्यांची शिकारी प्राण्यांविषयीची भीती वाढली, आणि किळसवाणी दृश्ये पाहिलेल्यांची अळ्या-गोगलगायींसारख्या प्राण्यांविषयीची. भीती हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो, याचा याहून सोपा पुरावा सापडणे कठीण.

डेव्ही यांनी याला इतिहासाची जोड दिली. मध्ययुगीन युरोपात कोळी रोगाशी जोडला गेला होता; तो पाण्यात वा अन्नात पडला तर ते विषारी झाले, असे समजत. दुधात पाल पडली की ते विष होते, ही आपल्याकडची समजूत त्याच जातीची आहे. पाल जंतू वाहून आणू शकते, त्यामुळे तसे दूध टाकून देणे शहाणपणाचेच. पण विषाचा भाग खरा नाही. उलट कंबोडियात तळलेले मोठे कोळी आवडीने खाल्ले जातात. डेव्ही व सहकाऱ्यांनी १९९८ साली सात देशांतील प्राणिभयाची तुलना केली, त्यांत भारतही होता. किळसवाण्या प्राण्यांचा एक स्वतंत्र गट सर्वच देशांत दिसला; मात्र अशा प्राण्यांची भीती जपानमध्ये अधिक, तर भारतीय प्रतिसादकांमध्ये कमी आढळली.

नेदरलँड्समधील पीटर द योंग, सांद्रा मुल्केन्स व हाराल्ड मर्केलबाख यांचा १९९६ सालचा प्रयोग या विषयात नेहमी उद्धृत होतो. कोळ्याचा भयगंड असलेल्या व नसलेल्या स्त्रियांना एकेक बिस्किट देऊ करण्यात आले. त्यावरून आधी एक कोळी चालत गेला होता. कोळी आता तिथे नव्हता. चावण्याचा प्रश्न संपला होता. तरीही भयगंड असलेल्या स्त्रियांनी ते खाण्यास कितीतरी अधिक प्रमाणात नकार दिला. त्यांच्या लेखी कोळी नुसता भीतिदायक प्राणी नव्हता, तो विटाळणारा पदार्थ होता.

स्पर्शाचा नियम

या विटाळाचे तर्कशास्त्र पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पॉल रोझिन यांनी उलगडले. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर याने जादूटोण्याचे जे दोन नियम सांगितले होते, तेच सुशिक्षित अमेरिकी विद्यार्थ्यांच्या किळसेतही काम करतात, असे रोझिन व सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखविले. पहिला नियम स्पर्शाचा : एकदा संपर्क आला की तो कायमचा. फळांच्या रसात निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ बुडवून काढले. ते पूर्णपणे निर्जंतुक आहे, हे सर्वांना सांगितले होते. तरी तो रस बहुतेकांना नकोसा झाला. दुसरा नियम साम्याचा : जे दिसते तेच असते. चॉकलेटच्या वड्यांपैकी एकीला कुत्र्याच्या विष्ठेचा आकार दिल्यावर ती खाणे लोकांना जड गेले, जरी त्यांनी तेच चॉकलेट क्षणापूर्वी चाखले होते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. भीतीला माहितीने काही अंशी उत्तर देता येते. 'हा कुत्रा चावत नाही' हे पटले, की भीती ओसरू लागते. किळसेला 'हे निर्जंतुक आहे' या माहितीशी फारसे देणेघेणे नसते. धोका शून्यावर आला, तरी 'नको' हे तसेच राहते.

सोवळे-ओवळे पाळणाऱ्या समाजाला स्पर्शाचा नियम समजावून सांगावा लागत नाही. हेजमाडी, रोझिन व सीगल यांनी भारतीय व अमेरिकी मुलांची तुलना करणारा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला, तो नेमका संपर्काने लागणाऱ्या विटाळाच्या व शुद्धीच्या कल्पनांविषयी होता. या नियमाचे सामाजिक रूप किती भीषण होऊ शकते, हे महाराष्ट्राने महाडला पाहिले. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध व दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. पाण्यात शेण मिसळल्याने ते शुद्ध आणि माणसाने ओंजळ भरल्याने अशुद्ध! किळस ही जंतूंपासून वाचविणारी भावना असली, तरी ती कोणाच्या नावाशी जोडायची हे समाज ठरवितो, आणि एकदा जोडली की ती पुराव्याला जुमानत नाही.

मंत्रचळ : धुण्याला अंत नसतो

मंत्रचळाचे, म्हणजे ओसीडीचे, प्रकार अनेक आहेत. पण दूषित होण्याची धास्ती आणि त्यापायी सतत धुणे-पुसणे हा सर्वाधिक दिसणाऱ्यांपैकी एक. (हा विकार अमेरिकी वर्गीकरणात २०१३ पासून चिंताविकारांतून काढून स्वतंत्र गटात ठेवला आहे, चिंतेशी त्याचे नाते मात्र सुटलेले नाही.) सुरुवातीला तो बहुधा कौतुकाचा विषय असतो. 'तिला घाण खपतच नाही', 'हात लावीन तिथे चकाकी' असे म्हटले जाते. मग बाहेरून आलेल्यांनी दारातच कपडे बदलावेत, भाजी साबणाने धुवावी, नोटा व नाणी वेगळी ठेवावीत असे नियम वाढत जातात. आंघोळ दोन-दोन तास चालते. सोसायटीच्या पाण्यावरून शेजाऱ्यांशी खटके उडतात. हातांची कातडी सोलवटून भेगा पडतात आणि रुग्ण प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो, मानसोपचारतज्ज्ञाकडे नव्हे. घरातली माणसे भांडण टाळण्यासाठी नियम पाळू लागतात आणि आजार घरभर पसरतो. जिथे शुचिर्भूतपणाला धार्मिक प्रतिष्ठा आहे, तिथे विकार आणि आचार यांच्यातली सीमारेषा ओळखायलाच वर्षे जातात.

अशा रुग्णाला 'तुला रोग होईल असे वाटते का?' असे विचारल्यावर काही जण 'हो' म्हणतात. ते भीतीचे रुग्ण. पण बरेच जण 'रोगाचे माहीत नाही, पण ते अंगाला लागले आहे असे वाटत राहते' असे सांगतात. डेव्हिड टोलिन व सहकाऱ्यांचा २००४ सालचा प्रयोग या दुसऱ्या गटाचे मन उघडे करतो. रुग्णांना इमारतीतील सर्वात घाणेरडी वाटणारी वस्तू निवडायला सांगितले. तिला एक कोरी पेन्सिल लावली. त्या पेन्सिलीला दुसरी, दुसरीला तिसरी, अशा बारा पेन्सिली. प्रत्येक वेळी 'ही किती दूषित आहे?' असा प्रश्न. इतरांच्या मते दोन-चार पेन्सिलींनंतर दूषितपणा भराभर उतरत गेला. ओसीडीच्या रुग्णांच्या मते बाराव्या पेन्सिलीतही तो बराच शिल्लक होता. ज्याच्या जगात दूषितपणा विरळ होत नाही, त्याने किती वेळा हात धुवावेत? प्रश्नालाच अंत नाही, म्हणून धुण्यालाही नाही.

याहून विलक्षण आहे ती स्पर्शाविना होणारी मलिनता. स्टॅन्ली रॅकमन यांनी १९९४ साली 'मनाचे प्रदूषण' या नावाने तिचे वर्णन केले. अपमान, विश्वासघात किंवा लैंगिक अत्याचार यांनंतर काही जणांना आतूनच घाण झाल्यासारखे वाटते. साबण तिथे पोहोचत नाही, तरी हात नळाकडे जातो. रॅकमन यांच्याच गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संमतीविना घेतलेल्या चुंबनाची केवळ कल्पना करायला सांगितलेल्या तरुणींना मळल्यासारखे वाटले आणि त्यांपैकी काहींनी नंतर खरोखरच चूळ भरली. अत्याचारग्रस्त स्त्री वारंवार आंघोळ करते तेव्हा 'झाले ते विसर' असे सांगणारे घर तिच्या त्रासाचे स्वरूपच ओळखत नाही.

रक्त पाहून भोवळ

भयगंडांपैकी एकच असा आहे, ज्यात माणूस खरोखर बेशुद्ध पडतो. रक्त, जखम, सुई यांच्या भयगंडात हृदयाची गती व रक्तदाब आधी वाढतात आणि मग एकदम कोसळतात. मेंदूकडे जाणारे रक्त कमी पडून भोवळ येते. इतर कोणत्याही भयगंडात हे सहसा घडत नाही. हा विकार घराण्यात चालतो. भोवळ कितपत किळसेची आणि कितपत स्वतंत्र आनुवंशिक प्रवृत्तीची, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण त्याची किंमत स्पष्ट आहे. रक्ततपासणी टाळणारा मधुमेही, इन्सुलिनचे नाव काढताच डॉक्टर बदलणारा रुग्ण, दंतवैद्याच्या पायरीवरून परतणारा तरुण, सुया व तपासण्यांच्या धास्तीने गर्भारपणच नको म्हणणारी स्त्री हे सारे या विकाराचे बळी असू शकतात. त्यांना भित्रे म्हणून हिणवणे सोपे असते.

यावर स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात सुटसुटीत उपाय विकसित केला. 'शांत हो, अंग सैल सोड' हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडतो, कारण रक्तदाब आधीच घसरत असतो. त्याऐवजी हात, छाती व पाय यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर उष्णता जाणवेपर्यंत आवळायचे, मग वीस-तीस सेकंद पूर्ववत ठेवायचे, आणि असे पाच वेळा करायचे. सुई टोचायचा हात मात्र सैलच ठेवायचा. सरावाने भोवळ टळते. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भावस्था असल्यास डॉक्टरांना विचारूनच हा सराव करावा.

चिवट भावना, चिवट उपचार

भयगंड व ओसीडीवरील वर्तनोपचाराचे सूत्र एकच आहे : ज्याला टाळतो त्याला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे, आणि सुटकेची कृती करायची नाही. ओसीडीसाठी ही पद्धत व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली लंडनमध्ये प्रथम मांडली. दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही; अस्वस्थता चढते, काही वेळाने आपोआप उतरते, आणि आपत्ती आली नाही हे मन शिकते. भीतीच्या बाबतीत हे उत्तम साधते. किळसेच्या बाबतीत गाडी अडते. स्मिट्स, टेल्च व रँडल यांनी २००२ साली कोळ्याच्या भयगंडावर उपचार करताना दोन्ही भावना मोजल्या. दोन्ही कमी झाल्या, पण किळस अधिक संथपणे. किळसेचे अभिसंधान एकदा जुळले, की त्याचे विलोपन भीतीपेक्षा अवघड असते, हे बूनमी ओलातुंजी व इतरांच्या प्रयोगांतूनही दिसले. कारण उघड आहे. 'आपत्ती आली नाही' या अनुभवाने भीती खोटी ठरते. किळसेने आपत्तीचे भाकीत केलेलेच नसते, मग ती खोटी ठरणार कशी?

म्हणून आता उपचारांत काही बदल केले जातात. सामोरे जाण्याची सत्रे अधिक लांब व अधिक वेळा घेतली जातात. किळस शून्यावर येण्याची वाट न पाहता 'किळस असतानाही मी हे करू शकतो' हे शिकण्यावर भर दिला जातो. किळसवाण्या गोष्टीला सुखद अनुभवाची जोड देण्याचे, तिचा मनातला अर्थ बदलण्याचे प्रयत्न होतात. स्पर्शाविना होणाऱ्या मलिनतेत तर कडी-कोयंड्यांचा सराव फारसा उपयोगी नसतो. त्या मागच्या घटनेवर आणि तिच्या स्मृतिचित्रांवरच काम करावे लागते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन यांसारखी औषधे ओसीडीत उपयुक्त आहेत. मात्र त्यांची मात्रा नैराश्यापेक्षा बहुधा अधिक लागते आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. दोन आठवड्यांत 'गुण नाही' म्हणून औषध सोडणाऱ्यांची संख्या कमी नाही. घरच्यांनाही उपचारात घ्यावे लागते, कारण त्यांनी नियम पाळणे थांबविल्याखेरीज रुग्णाचे थांबत नाही. कोविड-१९च्या साथीत, २०२० पासूनच्या काळात, ही सारी घडी विस्कटली. ज्यांना वर्षभर झगडून हात कमी धुवायला शिकविले होते, त्यांना सरकारी जाहिराती वीस सेकंद धुवायला सांगू लागल्या. भाजी धुणारे आणि दारातच कपडे बदलणारे आता सारेच होते. साथ ओसरल्यावर इतरांनी ते सोडून दिले.

या सिद्धांतावर आक्षेपही आहेत. थॉर्प व सॅल्कोव्हस्किस यांनी १९९८ साली असे मत मांडले, की कोळ्याच्या भयगंडात किळस हे भीतीचे कारण नसून तिच्या सोबतीने वाढणारी छाया असू शकते : ज्याची आधीच भीती वाटते, ते अधिक किळसवाणेही वाटू लागते. प्रश्नावल्यांतून मिळालेल्या सहसंबंधांवरून या आक्षेपाचे पूर्ण निरसन होत नाही. शिवाय चटकन किळस येणे ही एक गोष्ट आणि ती आली याचाच फार त्रास होणे ही दुसरी, असा भेद २००० नंतर संशोधकांनी केला आहे. विकाराशी यांपैकी कोणती अधिक निगडित आहे, याबद्दल एकवाक्यता नाही.

किळसेचा शरीराशी असलेला संबंध उपचाराकडे नेतो का, हे पाहण्याचा एक वेधक प्रयत्न केंब्रिजमध्ये झाला. कॅमिला नॉर्ड, एडविन डालमाइयर व सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना डोम्पेरिडोन हे मळमळीवरचे, पोटाची लय सुधारणारे, नेहमीचे औषध किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. किळसवाण्या चित्रांवरून नजर हटविण्याची माणसाची सवय एरवी फार चिवट असते. पैसे देऊन ती चित्रे पाहायला लावल्यानंतर मात्र डोम्पेरिडोन घेतलेल्यांची नजर त्यांवर अधिक वेळ टिकू लागली. पोट स्थिर झाले, की किळसेची पकड थोडी सैल होते, असा याचा अर्थ लावता येतो. मात्र हा प्रयोग लहान होता आणि निरोगी माणसांवर केलेला होता. मंत्रचळावरील उपचार म्हणून या औषधाचा उपयोग त्यातून सिद्ध होत नाही, आणि हृदयाच्या लयीवर होऊ शकणाऱ्या परिणामामुळे ते वैद्यकीय सल्ल्याविना घेण्याजोगेही नाही.